पिकअपचे रॉक स्लायडर: एक जोडी फुकट गेली, दुसरी बनवली

४ जानेवारी

डाव्या बाजूचं मागचं दार आजपासून उघडत नाही. एका धोंड्यावरून पुढचं चाक नीट उतरलं, पण मागचं चढायच्या आत गाडी बाजूला घसरली आणि सगळा भार पायदानावर आला. पायदानाने क्षणभरही दम धरला नाही. ते वर वळलं, सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पेटीच्या) खालची शिवण दुमडली आणि दाराची खालची कड आत चेपली.

परत आल्यावर गाडीखाली झोपून पाहिलं. पायदानाचे तिन्ही ब्रॅकेट थेट बॉडीच्या सिलला, तेही एम८च्या (८ मिमी जाडीच्या) बोल्टांनी. म्हणजे धोंड्याचा मार पायदानाने झेललाच नाही, सरळ पत्र्याकडे पोचवला. पाय ठेवून आत चढायला ही वस्तू ठीक आहे. खडकांत मात्र ती नसती तर नुकसान कमी झालं असतं.

गाडी डबल कॅब, लॅडर फ्रेम (बॉडीखाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा), चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३०८५ मिमी. एवढ्या लांब गाडीचं पोट आणि सिल टेकणारच. तेव्हा पायदान काढून फ्रेमवर बसणारे स्लायडर, म्हणजे गाडीचा भार दगडावर झेलून घसरणाऱ्या लोखंडी नळ्या, लावायचे, एवढं आज ठरलं.

११ जानेवारी

आठवडाभर स्लायडर बघितले आणि सगळा वेळ एकाच गोष्टीवर घालवला: नळीची जाडी. ४४.४५ मिमी बाहेरचा व्यास सगळीकडे सारखाच, फरक भिंतीच्या जाडीत, ३ मिमी किंवा ४.८ मिमी. जाड ते दणकट, हा सरळ हिशेब केला आणि ४.८ची बोल्ट मारून बसणारी तयार जोडी घेतली. बाजूला तीन-तीन पाय, प्रत्येक पायाला ५ मिमीची प्लेट, प्लेट फ्रेमला यू-बोल्टने आवळायची.

किमतीचे आकडे लिहीत नाही, लोखंडाचा भाव कुठे कधी काय असेल सांगता येत नाही. या जोडीची किंमत १०० धरतो, पुढचा सगळा खर्च त्या मापात.

बसवायला अडीच तास लागले. सिल आणि नळी यांच्यात २० मिमी फट ठेवली. ही फट हवीच. कॅब फ्रेमवर रबराच्या गाद्यांवर बसलेली असते, फ्रेम पिळली की कॅब तिच्याबरोबर हुबेहूब पिळत नाही. फट नसेल तर वाईट रस्त्यावर स्लायडर सिलला घासत राहतो.

१८ जानेवारी

खडकात जायच्या आधी जॅकची चाचणी घ्यायची असं ठरवलं होतं. बरं झालं ठरवलं.

सपाट जागा, दोन्ही टोकांच्या चाकांना अडण्या, हायलिफ्ट (उंच दांड्याचा) जॅक डाव्या स्लायडरच्या बरोबर मध्ये. त्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटायच्या बेतात आली तेव्हा साधारण हजार किलो नळीवर होते. २० मिमीची फट ६ वर आली होती. जॅक सोडला तर ती १७ झाली, २० नाही. तीन मिमी कायमचे गेले.

नळीवर सरळ पट्टी लावून बघितलं, नळी सरळ. मग वाकलं काय? पुन्हा जॅक लावला आणि मित्राला दांडा मारायला सांगून मी टॉर्च घेऊन बाजूला, गाडीच्या बाहेरच पालथा पडलो. (जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड असले तरी हायलिफ्टवर तर नाहीच.) मधल्या पायाच्या प्लेटची खालची कड फ्रेमपासून उघडत होती. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं, २ मिमी.

प्लेट ९० मिमी उंच, नळी फ्रेमपासून ३५० मिमी बाहेर. खालची कड २ मिमी उघडली की बाहेरच्या टोकाला ते जवळजवळ ८ मिमी होतात. १४ पैकी ८ इथेच सापडले. बाकीचे पायाच्या वाकण्याचे आणि फ्रेमच्या पिळाचे. मी ज्या जाडीसाठी आठवडा घालवला त्या नळीचा यात वाटा नगण्य.

१ फेब्रुवारी

यू-बोल्ट पुन्हा आवळून, "हळू नेऊ" म्हणून गाडी खडकात नेली. हळूच नेली. डाव्या स्लायडरवर गाडी टेकली आणि पत्रा दबल्याचा तो ओळखीचा आवाज आला. स्लायडर सिलपर्यंत पोचला होता. दोन यू-बोल्ट फ्रेमवर सरकलेले, खाली रंग खरवडलेला. नळी अजूनही सरळ!

३ फेब्रुवारी

काढून टाकलेल्या स्लायडरचा मधला पाय कटरने कापला. मनात शंका होती ती खरी निघाली. मुख्य नळी ४.८, पाय मात्र ३ मिमीचे. विकणारा खोटं बोलला असं म्हणता येत नाही. त्याने नळीची जाडी सांगितली, पायांची मी विचारली नाही.

आता थोडं गणित, फक्त एवढंच. हजार किलोपैकी निम्मा भार एका पायावर आला आणि तो ३५० मिमी बाहेर असेल, तर ३ मिमीच्या त्या गोल पायात मुळाशी ताण सुमारे ४५० मेगापास्कल येतो. साधं माइल्ड स्टील २५०च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. तोच भार ६०×६०×४च्या चौकोनी पायावर टाकला तर ताण ११०च्या आत. चार मिमीचा चौकोन तीन मिमीच्या नळीपेक्षा चौपट भार घेतो, कारण फरक जाडीपेक्षा आकाराचा जास्त आहे.

"आमचं स्टील भारी दर्जाचं आहे" असंही बरेच जण सांगतात. भारी स्टील कायमचं वाकायला जास्त भार लागतो, हे खरं. पण भार असताना लवतं किती, ते साध्या आणि भारी स्टीलमध्ये जवळपास सारखंच. सिल वाचवायची तर लवणं महत्त्वाचं, आणि ते कमी होतं आकाराने आणि पाय जवळजवळ ठेवल्याने.

तयार जोडीच घ्यायची असेल तर विकणाऱ्याला पायांची जाडी, पायांची संख्या आणि फ्रेमवरच्या प्लेटची उंची विचारा. नळीचं सगळ्यात शेवटी.

८ फेब्रुवारी

बोल्ट की वेल्ड, यावर वेल्डिंग करणाऱ्या दादाशी दोन तास वाद. माझं म्हणणं, बोल्टवालाच नीट बनवू: प्लेट फ्रेमच्या खालून वळवून घेऊ म्हणजे खालची कड उघडणार नाही, आणि फ्रेममधून आरपार बोल्ट टाकू. दादा म्हणाला, "आरपार टाकशील तर आत स्लीव्ह लागेल. पोकळ फ्रेम आहे, बोल्ट आवळलास की दोन्ही भिंती आत ओढल्या जातील. मग बोल्ट आवळलेला दिसेल, पण असेल ढिला."

बरोबर होतं. स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवतीची नळी, घालायला फ्रेमला मोठी भोकं पाडावी लागणार, आणि डाव्या बाजूच्या फ्रेमला आतून इंधनाची आणि ब्रेकची लाइन चिकटून गेलेली. वेल्डचं ठरलं. वॉरंटी संपलेली आहे म्हणून हा निर्णय सोपा गेला. नवी गाडी असेल तर फ्रेमवर वेल्ड करण्याबद्दल कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचा. काही फ्रेमवर ते साफ नको म्हटलेलं असतं.

फ्रेमची भिंत एका मोकळ्या भोकातून कॅलिपर घालून मोजली, ३ मिमीच्या आसपास. तेव्हा पाय थेट फ्रेमवर जोडायचे नाहीत. आधी १५०×१५०×६ची प्लेट, कोपरे गोल केलेली, आणि तिच्यावर पाय. जोर एका रेषेत न येता पसरतो.

१३ फेब्रुवारी

आजची चूक सगळ्यात मूर्खपणाची. बाहेरच्या गोल नळीसाठी "दीड इंची" माल मागवला. पाइप आला. पाइपचा दीड इंच म्हणजे आतल्या बाजूचं नावापुरतं माप, बाहेरून तो ४८.३ मिमी भरतो. ट्यूबचं माप बाहेरून मोजतात, आणि त्या मापाने मला पावणेदोन इंची हवी होती. दादाच्या बेंडरची डाय ४४.४५ची, त्यात हा जातच नाही. शिवाय माल जस्त चढवलेला. जस्तावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. दादाने हे एकदा भोगलंय, त्यामुळे त्याने हातही लावला नाही.

एक लांबी मी उत्साहात कापूनही ठेवली होती, ती परत गेली नाही. खर्च ६, आठवडा वाया.

लोखंड मागवताना "बाहेरचा व्यास ४४.४५, जाडी ३, ट्यूब, काळी" असं पूर्ण बोला. इंचात बोलूच नका.

२० फेब्रुवारी

मुख्य दांड्यासाठी १००×५०×४ घ्यायचा विचार होता, आडवा ठेवून. दिसतो भक्कम. पण आडवा ठेवला की वरखाली वाकण्याला त्याचा विरोध ६०×६०×४ एवढाच होतो, फरक एका टक्क्याच्या आत. वजन मात्र मीटरला ८.९ किलो, चौकोनीचं ७. उभा ठेवला तर तिप्पट ताठ, पण मग खाली ४० मिमी जास्त लोंबतो. लांब व्हीलबेसच्या गाडीत हे महागात पडतं. मधल्या भागाची उंची २२० मिमी धरली तर उंचवटा ओलांडायचा कोन माझ्या गाडीला १६ अंश येतो, १८० झाली तर १३. तीन अंश नुसत्या लोखंडापायी घालवायचे नव्हते. ६०×६०×४ ठरलं.

बाहेरची गोल नळी ३ मिमीचीच घेतली. जाडीच्या मागे धावणं सोडलं होतं.

२२ फेब्रुवारी

पुठ्ठा आणि लाकडी पट्ट्यांनी नमुना बसवला. कंटाळवाणं काम, पण तीन गोष्टी इथेच सापडल्या.

एक, उजवीकडचा दुसरा पाय सायलेन्सरच्या पाइपापासून जेमतेम दोन बोटं येत होता. ७० मिमी मागे सरकवला. दोन, स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक जॅकने वर दाबलं तर टायरचा खांदा नमुन्याच्या पुढच्या टोकाला लागला. पुढून ४५ मिमी कापले. चाक सरळ ठेवून माप घेतलं असतं तर हे पहिल्या खड्ड्यात कळलं असतं. तीन, सिलच्या खालची पाणी निघायची भोकं माझ्या पट्टीखाली झाकली जात होती. वरच्या पट्टीला तेवढी खाच ठेवायची, अशी खूण केली.

पाय चार ठेवले, आणि कॅबच्या गाद्या किंवा फ्रेमच्या दोन बाजू जोडणारे आडवे मेंबर जिथे फ्रेमला जोडलेत त्यांच्या शक्य तितके जवळ. दोन मेंबरांच्या मधोमध फ्रेम सहज पिळते, तिथे कितीही जाड पाय लावा.

बाहेरची बाजू १५ अंश वर उचललेली. सपाट ठेवली तर पाय ठेवायला बरी, पण बाहेरची कड आधी अडकते. मागच्या टोकाला नळी थोडी बाहेर वळवली, म्हणजे झाडाच्या किंवा दगडाच्या कडेने वळताना मागचा भाग आपोआप बाहेर ढकलला जातो. पूर्वी मी हे शोभेचं समजत होतो.

१ मार्च

दादाने वेल्डिंग केलं, मी ग्राइंडर धरला. पहिला स्लायडर संध्याकाळी टेबलावरून उचलला आणि त्याचं केळं झालेलं. चारही पाय आतल्या बाजूला, सगळे टाके त्याच बाजूला, त्यामुळे थंड होताना ती बाजू आखडली. टोकाला सरळ पट्टीखाली ७ मिमी.

दादा स्वतःवरच चिडला, "घाई केली." उलट्या बाजूला तीन ठिकाणी पाचरीच्या आकारात लालभडक तापवून सोडून दिलं. थंड होता होता बराच सरळ झाला, दीड मिमी राहिला. दुसऱ्या स्लायडरला आधी सगळीकडे नुसते टॅक (धरून ठेवण्यापुरते छोटे टाके) मारले, मग तो पहिल्याच्या पाठीला पाठ लावून चार शिकंज्यांनी आवळला आणि एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला असं करत गेला. पूर्ण गार होईपर्यंत शिकंजे काढले नाहीत. फरक एक मिमीच्या आत.

२ मार्च

टोकांना टोप्या. शेवटच्या टोपीचा शेवटचा अर्धा इंच काही केल्या भरेना. वितळलेलं लोखंड बसतंय असं वाटायचं आणि फुस्स करून बुडबुडा फुटून भोक पडायचं. चार वेळा घासून पुन्हा भरलं. मग दादाला उमगलं की चारही बाजूंनी बंद झालेल्या पेटीतली हवा तापून तिथूनच बाहेर पडतेय. खालच्या बाजूला ५ मिमीचं भोक पाडलं, पुढच्या मिनिटाला टाका गुळगुळीत. ते भोक तसंच ठेवलं, आत शिरलेलं पाणी निघायला उपयोगी. हे आधी सुचलं असतं तर दीड तास आणि ग्राइंडरच्या दोन चकत्या वाचल्या असत्या.

८ मार्च

फ्रेमवर वेल्ड करायचा दिवस. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. अर्थचा शिकंजा दरवेळी टाक्याच्या शेजारी, फ्रेमच्याच उघड्या लोखंडावर. इंधनाची लाइन क्लिपांतून सोडवून आत ढकलली, तिच्यावर ओली गोणी आणि पत्र्याचा तुकडा. एक जण अग्निशामक घेऊन नुसता बसून, दुसरं काहीच काम त्याला दिलं नाही. दोनदा सिलच्या आतल्या मेणाच्या थराने पेट घेतला, दोन्ही वेळा ओल्या फडक्याने विझला.

फ्रेमवरचा रंग प्लेटपेक्षा दोन बोटं जास्त घासला. प्लेटच्या आडव्या कडा पूर्ण भरल्या, उभ्या कडांना मधलाच थोडा भाग.

फट २० मिमीची, लाकडी ठोकळे लावून. डाव्या बाजूला पायाच्या वरचा टाका आधी मारला. ठोकळे काढले तर फट १५. वरचा टाका गार होताना आखडला आणि त्याने अख्खा स्लायडर वर ओढला. उजवीकडे खालचा टाका आधी, वरचा नंतर: २१ मिमी. डावी बाजू कापून पुन्हा करावी का, यावर बराच वेळ विचार केला. १५ चालतील असं म्हणून सोडली. आजही डोळ्यांत खुपते.

९ मार्च

रंग. पावडर कोटिंग सुंदर दिसतं, पण दगडाने टवका उडाला की गंज आतून सरकत जातो आणि वर काही दिसत नाही. साधा जस्ताचा प्रायमर आणि वर काळा डबाबंद स्प्रे. ओरखडा पडला की घासून पुन्हा मारायचा. टाक्यांवर तीन हात, पायांच्या मुळाशी चार.

१५ मार्च

तीच जागा, तोच जॅक. डावीकडे फट १५ची १२ झाली, जॅक सोडल्यावर १५. उजवीकडे २१ची १८, सोडल्यावर २१. प्लेटखाली फीलर गेज कुठेच जात नाही.

जुन्या जोडीचं वजन ४६ किलो भरलं होतं, ही ६६. वीस किलो जास्त, हा तोटा मान्य. खर्च: नवी जोडी सगळं धरून ५८, त्यात ६ चुकीच्या पाइपाचे आणि ९ चकत्या, गॅस, वायर. शिवाय तयार जोडीचे १०० गेले ते वेगळेच. तिचे यू-बोल्ट आणि कापलेला पाय पाहून तिला गिऱ्हाईक मिळालं नाही. वेळ माझा ५४ तास, दादाचा १९. दादाने पैसे पूर्ण घेतले नाहीत, तेव्हा ५८ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे असं धरा.

२२ मार्च

त्याच धोंड्यावर, मुद्दाम. या वेळीही गाडी घसरली, डाव्या बाजूला टेकली, आणि लोखंड दगडावर घासत गेल्याचा लांबलचक आवाज आला. मागच्या टोकाच्या बाहेर वळलेल्या नळीने मागचं चाक धोंड्यापासून वीतभर लांब ढकललं. खाली उतरून पाहिलं तर रंग साफ गेलेला, नळीवर नखात अडकेल एवढी चर. फट १५.

१० मे

पाण्याचा पाइप मारून गाडी धुताना डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायावर मातीचा गोळा निघाला, आत घट्ट दाबून बसलेला आणि अजून ओला. त्याच्याखाली प्लेटच्या वरच्या कडेला तांबूस रेघ. उभ्या कडेचा जो भाग वेल्ड न करता सोडला होता तिथून पाणी प्लेटच्या मागे जातंय. उजवीकडेही तसंच, थोडं कमी. उघड्या कडा सीम सीलरने (सांधे बुजवायच्या लेपाने) भरायला हव्या होत्या, ते ९ मार्चला कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आज तारेच्या ब्रशने घासून, दोन दिवस वाळवून सीलर भरणार.

दार अजून उघडत नाही. पत्र्याचं काम करणारा म्हणतो, सिल आधी ओढावी लागेल, आणि त्यासाठी स्लायडर आडवा येतोय.